रात्री कोण असतं?

दर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो. वृद्धाश्रमाच्या ओट्यावर बसलेली आजी, डोळ्याला पदर, मागे बासरी. मग दोन फळ्या पडतात. एक म्हणते, श्रावणबाळाच्या देशात आईबापांना टाकून देतात, कुठे गेले संस्कार? दुसरी म्हणते, दोघं नोकरी करतात, मुलाचं दहावीचं वर्ष, घर दोन खोल्यांचं, तुम्ही येऊन सांभाळा मग. तिसऱ्या दिवशी दोन्ही फळ्या आपापल्या कामाला लागतात. आजी ओट्यावरच असते.

या वादाचा मला कंटाळा आला आहे, कारण तो चुकीच्या माणसाबद्दल चालतो. सगळी चर्चा आईला दारात सोडून जाणाऱ्या मुलाची. दाराच्या आत रात्री दोन वाजता कोण जागं असतं, यावर कुणी एक वाक्य बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवून घेणाऱ्या संस्थेचा दर्जा सर्वांत आधी तीन गोष्टींवरून ठरतो: पाळीवर माणसं किती, ती काय शिकलेली, आणि किती महिने टिकतात. बाग, भजनी मंडळ, तुळशीवृंदावन, कोजागरीचं मसाला दूध हे त्यानंतर. ही माणसांची संख्या संस्थेने दारावर लिहिली पाहिजे आणि ती खरी आहे का हे सरकारने तपासलं पाहिजे. मुलाच्या संस्काराचं मूल्यमापन नंतर सावकाश करू.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, खाली मेडिकल आणि वर प्रसूतिगृह. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ म्हणजे स्वतःचं स्वतः करता न येणाऱ्या वृद्धांची शुश्रूषा होते ती जागा. आपल्याकडे अशा जागा आता शहरांच्या कडेकडेने उभ्या आहेत. भाड्याचा बंगला, आठ खोल्या, प्रत्येकीत तीन खाटा, बाहेर ‘स्नेह’ किंवा ‘सावली’ छापाची पाटी. त्यांना आपण कधी वृद्धाश्रम म्हणतो, कधी केअर सेंटर. मराठीत त्यांना नेमकं नाव नाही, आणि नाव नाही म्हणून कायद्याच्या वहीत जागाही धड नाही.

खरं तर जुन्या कायद्यात जागा होती. मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा 1949 चा, आज तो महाराष्ट्राच्या नावाने चालतो. त्याचा साचा 1927 च्या इंग्लंडमधल्या कायद्याचा. व्याख्येत तीन शब्द आहेत: सिकनेस, इंज्युरी, इन्फर्मिटी. आजार, इजा आणि विकलता. हा तिसरा शब्द पुण्याला नवा नाही. 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून इथे जी संस्था निघाली, तिचं नावच ‘इन्फर्म असायलम’. आज आपण तिला ‘निवारा’ म्हणतो. 1949 च्या कायद्यात असंही आहे की शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये शिकलेल्या परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल, तर नोंदणी नाकारता येते. म्हणजे माणसांच्या संख्येचा प्रश्न पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच कागदावर आला होता. मग अडलं कुठे? व्याख्येत ‘उपचार आणि शुश्रूषा’ असे दोन शब्द जोडीने आहेत. केंद्रचालक म्हणतो, आमच्याकडे उपचार कुठे होतात? आम्ही फक्त सांभाळतो. नाकातून नळी, लघवीची पिशवी, पाठीला जखम, आणि तरी ‘फक्त सांभाळतो’. ‘सांभाळणं’ हा शब्द आपल्या भाषेत इतका मायाळू आहे, की त्याला परवाना विचारणं कुणाला सुचत नाही.

मग अनेक केंद्रं विश्वस्त संस्था म्हणून नोंदवतात, नाहीतर दुकान किंवा कंपनी म्हणून. धर्मादाय आयुक्तालय हिशेब बघेल. कुणाच्या माकडहाडावर जखम झाली का, हे बघायला तिथे कोणी नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देण्यावर भर देतो आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांचं वसतिगृह असावं असं सुचवतो. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तसं तेही बुडालं. त्यावर किती वाहिन्यांनी चर्चा घेतली? बासरीचा व्हिडिओ मात्र त्या साडेचार वर्षांत कितीदा तरी फिरला असेल.

आता थोडं गणित. कंटाळवाणं आहे, पण सगळी गोष्ट त्यातच आहे.

समजा केंद्रात 24 जण आहेत आणि त्यातल्या 12 जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाब येऊन कातडी सडते. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे सहा वेळा. बारा जणांचे 72 वेळा. नीट वळवायचं, चादरीची घडी काढायची, पायांमध्ये उशी द्यायची, ओलं आहे का बघायचं, याला पाच मिनिटं धरा. झाले सहा तास. आणि साठ किलोचं शिथिल शरीर एकट्याने वळवता येत नाही, ओढावं लागतं, आणि ओढण्यानेही कातडी सोलते. म्हणजे दोन माणसं, प्रत्येकी सहा तास. यात डायपर नाही, उलटी नाही, ‘मला घरी जायचंय’ म्हणून दरवाजा वाजवणारे आजोबा नाहीत, मावशींची पाच मिनिटांची डुलकीही नाही. रात्री दोघी असतील तर काम जेमतेम होतं. एकटी असेल तर होत नाही. ती कितीही प्रेमळ असो, होत नाही.

तीच गोष्ट पैशाची. चोवीस जणांना दिवसा पाच आणि रात्री तीन मदतनीस धरा. आठवड्याची सुटी आणि रजा सांभाळायच्या तर या आठ जागांना दहा माणसं लागतात. माणशी 18 हजार पगार धरला तर महिन्याचे 1 लाख 80 हजार, म्हणजे प्रत्येक वृद्धामागे 7,500. शिवाय चोवीस तास एक शिकलेली नर्स हवी तर तीन पाळ्या आणि सुटीच्या दिवशी बदली येणारी एक रिलिव्हर, अशा चौघी. प्रत्येकी 25 हजार धरले की आणखी 1 लाख. दोन्ही मिळून माणशी साडेअकरा हजारांच्या वर गेले, आणि अजून जेवण नाही, भाडं नाही, वीज नाही, धोबी नाही. (मदतनिसांची पाळी मी बारा तासांची धरली, कारण प्रत्यक्षात तशीच चालते. आठवड्याच्या 48 तासांचा कायदा पाळला तर खर्च आणखी वाढेल.) मग ‘सर्व सोयींसह बारा हजार’ म्हणणारा चालक काटकसर कशात करत असेल? डाळीत फार तर पाचशे रुपये वाचतील. बाकीचे वाचतात ते रात्रपाळीत.

हे सगळं मी कागदावर बसून शिकलो नाही. माझी आत्या अर्धांगाच्या झटक्यानंतर सात महिने अशा एका केंद्रात होती. केंद्राचं नाव सांगत नाही, ते इतरांपेक्षा वाईट होतं असंही नाही. आम्ही रविवारी अकराला जायचो. फरशी चकचकीत, आत्याची वेणी घातलेली, कपाळाला टिकली. व्हॉट्सॲपवर आरतीचे फोटो यायचे. एकदा कोल्हापूरहून येताना बस वाटेत बंद पडली आणि मी रात्री साडेदहाला तिथे पोचलो. दार उघडायला दहा मिनिटं लागली. बावीस जणांना एकच मावशी होती. ती बिचारी माझ्यावर चिडली, आणि बरोबर चिडली, कारण दार उघडायला यायचं म्हणजे कुणाला तरी अर्धवट वळवलेलं सोडून यायचं. आत्याच्या पाठीवरची जखम मी त्या रात्री पाहिली. आठवडाभराची तरी असावी. रविवारच्या अकरा वाजताच्या आत्याला पाठच नव्हती. ती कायम उशीला टेकून बसवलेली असायची.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. त्यातले दोन-तीन खरोखर वजनदार आहेत.

पहिला: निकष लावाल तर छोटी केंद्रं बंद पडतील आणि मध्यमवर्ग वाऱ्यावर येईल. हे खरं आहे. आहे ती बारा हजारांची सोयही काही घरांना ओढून-ताणून जमते. श्रावणबाळ योजनेत सरकार महिन्याला 1,500 रुपये देतं, त्यात डायपरचाही खर्च निघत नाही. पण कमी माणसांत चालवलेलं केंद्र खरोखर स्वस्त असतं का? जखम चिघळली की हॉस्पिटल, ड्रेसिंग, प्रतिजैविकं, कधी शस्त्रक्रिया. ते बिल केंद्राच्या नव्हे, तुमच्या नावाने फाटतं. खर्च वाचत नाही, फक्त दुसऱ्या पावतीवर जातो. ज्यांना परवडत नाही त्यांना अनुदान द्या, म्हणून मोर्चा काढा, मी येतो. पण परवडत नाही म्हणून संख्या लपवा, हे कुठलं अर्थशास्त्र?

दुसरा आक्षेप इन्स्पेक्टरचा, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. प्रसूतिगृह चालवणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीच्या कपाटात परवान्यांची जाडजूड फाइल आहे: अग्निशमन, जैववैद्यकीय कचरा, सोनोग्राफी, लिफ्ट. ती म्हणते, तपासणीला येणारा आधी फाइल बघतो, मग घड्याळ, पेशंटकडे बघतच नाही. नवा कायदा म्हणजे नवा हप्ता, ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी पहिली मागणी परवान्याची करत नाही, फलकाची करतो. रेशन दुकानाबाहेर साठा आणि दर लिहिलेला फलक असतो तसा. आज एकूण किती जण, त्यातले अंथरुणावर किती, दिवसपाळीवर कोण, रात्रपाळीवर कोण, त्यात शिकलेली नर्स कोण. फलक इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा वाचायचा नसतो, नातेवाइकांनी रोज वाचायचा असतो. रेशनच्या फलकावर खोटं लिहिलं जातं, हे मान्य. पण खोटं लिहिलेलं असलं की निदान बोट ठेवायला जागा असते. आज तीही नाही.

आणि खोटं पकडायचं कसं, याचा धडा अमेरिकेने आपल्यासाठी महागात शिकून ठेवला आहे. तिथे 1987 मध्ये नर्सिंग होम सुधारणांचा कायदा झाला, 2008 पासून प्रत्येक होमला एक ते पाच तारे मिळू लागले. पण माणसांची संख्या बरीच वर्षं होम स्वतःच कळवायचं, आणि तीही तपासणीच्या आगेमागेच्या दिवसांची. म्हणजे पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना आवरायचा, तसं. 2016 पासून त्यांनी थेट पगारपत्रकावरून तास मागायला सुरुवात केली. 2018 मध्ये त्या आकड्यांवर तारे मोजले, तेव्हा सुमारे 1,400 होम मनुष्यबळाच्या बाबतीत एका ताऱ्यावर घसरली. शनिवार-रविवारी माणसं गळतात हेही उघड दिसलं. पगारपत्रक म्हणजे भाट नव्हे, ते स्तुती करत नाही. आपल्याकडेही भविष्यनिर्वाह निधी किंवा ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या केंद्रात तेवढी नोंद आहेच. फलकावर बारा नावं आणि भरणा सहांचा, एवढं ताडून बघायला विद्वान लागत नाही.

त्याच अमेरिकेत 2024 मध्ये आणखी पुढचा नियम आला, दर वृद्धामागे दिवसाला किमान 3.48 तासांची शुश्रूषा. होमचालकांनी विरोध केला, माणसंच मिळत नाहीत म्हणाले, आणि एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने नियम रद्द केला. इथे आमचे मित्र म्हणतील, बघा, तिथेही जमलं नाही. मी उलटं वाचतो. किमान संख्येचा नियम पडला, पण उघड केलेले आकडे उघडच राहिले. आईला ठेवायला जाणारी मुलगी आजही तिथे ते बघू शकते. म्हणून आधी उघडं करा, सक्तीचं प्रमाण मागाहून ठरवा.

मात्र उघडं करताना एक चूक करू नये, आणि ती जर्मनीने करून दाखवली आहे. त्यांनी 2009 मध्ये शाळेसारखे गुण द्यायला सुरुवात केली, एक म्हणजे उत्तम. थोड्याच वर्षांत देशभरची सरासरी 1.2-1.3 च्या आसपास गेली. सगळेच हुशार! कारण तपासणी मुख्यतः कागदांची होती आणि सगळ्या गुणांची सरासरी निघायची. जखमेच्या काळजीत गेलेला गुण जेवणाचा तक्ता ठळक अक्षरात लावून भरून काढता येई. लोकांनी त्या गुणांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि 2019 मध्ये ती पद्धत बदलावी लागली. आपल्याकडच्या ‘पाच तारे, खूप छान वातावरण, स्टाफ प्रेमळ’ अशा अभिप्रायांचं याहून वेगळं काय आहे? ते लिहिणारा रविवारी अकराला गेलेला असतो.

तिसरा आक्षेप: शिकलेली माणसं आणायची कुठून? खरंच नाहीत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली मुलगी मोठ्या हॉस्पिटलात जाते, तिथून आखातात. केंद्रात येते ती माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोची मावशी. लातूर-नांदेड-यवतमाळकडून आलेली, दोन दिवस कुणाच्या तरी मागे फिरून काम शिकलेली, केंद्राच्याच जिन्याखालच्या खोलीत झोपणारी. चार महिन्यांत ती जाते, दुसरी येते. आत्याला डावीकडून भरवायचं की उजवीकडून, हे प्रत्येकीला नव्याने कळायचं. पण ‘माणसं नाहीत’ हे वाक्य पुण्याने एकदा ऐकलेलं आहे. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झालं आणि पुढे विधवा-परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवण्याचा उद्योग हाती घेतला गेला. परक्याचं मलमूत्र काढायचं, पुरुष रोग्याला हात लावायचा, हे त्या काळी घरंदाज बाईचं काम समजलं जात नव्हतं. माणसं तेव्हाही नव्हती. संस्थेने राहायची सोय केली, शिक्षण दिलं, पाठीशी उभी राहिली, मग माणसं झाली. आज वृद्धांची शुश्रूषा करणारीला आपण काय देतो? रिलिव्हर नसलेली बारा तासांची पाळी, ‘ए मावशी’, आणि आजीची बांगडी सापडली नाही की पहिला संशय.

चौथा आक्षेप संस्कारवाल्या फळीचा सर्वांत लाडका: माया मोजता येत नाही. बरोबर, येत नाही. मायेची अनुपस्थिती मात्र येते. टाचा बघा, माकडहाड बघा. दर महिन्याचं वजन लिहिलेलं असेल तर ते बघा. तीन महिन्यांत सहा किलो उतरलं असेल तर भरवायला कुणाला वेळ नव्हता. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की कपाटावर? फिनाइलचा वास फारच जोरात येत असेल तर तो कशावर मारला आहे, हे विचारा. आणि एकदा रात्री आठनंतर जा. ‘भेटीची वेळ संपली’ हे उत्तर प्रत्येक वेळी येत असेल, तर तेच तुमचं मूल्यमापन.

राहता राहिला श्रावणबाळ. त्याचं नाव घेऊन घरीच सांभाळा म्हणणाऱ्यांनी गोष्ट शेवटपर्यंत आठवावी. दोन अंध वृद्ध आणि एक सेवेकरी. तो पाणी आणायला गेला तेवढ्यात बाण लागला, आणि मागे दोघांना बघायला दुसरं कोणीच नव्हतं. ते तहानेने नव्हे, दुःखाने गेले हे खरं. पण कावड उचलायला दुसरा माणूस नव्हता हेही खरं. आज घराघरात हा बाण लागतो. सून बाथरूममध्ये घसरते, मुलाला स्लिपडिस्क होते, साठीची लेक नव्वदीच्या आईला उचलताना स्वतःच खाटेला लागते. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले जवळपास दहा टक्के होते. त्यांच्यासाठी मुलं कावडी घेऊन उभी राहतील अशी आशा करणं हे धोरण नव्हे. आदर्शच हवा असेल तर मला पुंडलिक जवळचा वाटतो. प्रत्यक्ष देव दारात आला तरी हातातले आईबापांचे पाय त्याने सोडले नाहीत, देवाकडे वीट सरकवली आणि थांब म्हणाला. पाळीवरच्या माणसाने पाळी सोडायची नसते, एवढं त्याला कळत होतं.

आत्याला आम्ही नंतर दुसरीकडे हलवलं. जागा लहान, बाग नाही, भिंतीचा रंग उडालेला, महिन्याला सहा हजार जास्त. चालवणाऱ्या बाई स्वतः नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मी विचारलं, रात्री कोण असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, टेबलाच्या खणातून हजेरीचं रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. महिनाभराच्या रात्रपाळ्या, तीन-तीन सह्या. एका रविवारच्या रकान्यात दोनच होत्या. मी तिथे बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “हो, त्या रात्री सुनंदा आली नाही. मीच थांबले होते, सही राहिली.” आणि पेन उघडून त्यांनी सही केली नाही, शेजारी तारीख घालून लिहिलं, ‘सही नाही’.